दारावर एकदा हात मारायचा

माझ्या नवऱ्याचा डावा डोळा गेल्यात जमा आहे. तो म्हणतो, धुके पडल्यासारखे दिसते. गाडी चालवणाऱ्या माणसाला अर्ध्या रस्त्यावर धुके दिसत असेल तर त्याने घरी बसावे. हे मला कळते, सुनेला कळते, डॉक्टरांनाही कळले होते. डॉक्टर म्हणाले, रात्रीची गाडी चालवू नका. नवऱ्याने त्यातून एवढेच उचलले की दिवसा चालवायला हरकत नाही.

समोर मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना ते कशाला.

माझी थोरली बहीण नार्व्याला दिलेली आहे. न्हाणीत पडली तेव्हापासून ती खाटेवरच आहे. आमचे घर हळर्ण्याला. दर रविवारी सकाळी आम्ही दोघे मुलाची गाडी घेऊन तिच्याकडे जात असू. मुलगा आठवडाभर वेर्ण्याच्या कारखान्यात जाऊन-येऊन थकतो आणि रविवारी उशिरापर्यंत झोपतो. मला गाडी येत नाही. मी चौथी शिकले, पुढे घर आणि शेत. तेव्हा सायकलसुद्धा कुणी हातात दिली नाही. म्हणजे नवरा गाडी चालवील तर मी बहिणीकडे जाणार, नाहीतर नाही. बसने जायचे तर पेडणे, म्हापसा, डिचोली अशा गाड्या बदलत अर्धा दिवस रस्त्यावर जातो. आतला रस्ताही आहे, पण तो वळणांचा, त्या रस्त्याने बस जात नाही आणि नवराही जात नाही.

म्हणून सून मला स्वयंपाकघरात गाठून बोलायची तेव्हा मी भांडी जरा जोरात घासायची.

"आई, बाबांना तुम्हीच सांगा. गाडी बंद करा म्हणावं. तुमचं ऐकतील ते."

"त्याने कुणाचे ऐकले आहे?"

"तरी पण सांगून बघा."

"आणि ऐकले तर? नार्व्याला मला तू नेणार?"

सून नुकतीच स्कूटर शिकली आहे, गाडी तिलाही येत नाही. तिने ओटा पुसायला घेतला. मी काही लपवून ठेवले नव्हते. मला बहिणीकडे जायचे होते आणि त्यासाठी अर्धा आंधळा ड्रायव्हर चालत होता. सुनेला ते पटत नव्हते, मला पटत होते असेही नाही. पण रविवार आला की मी पाव भाजणाऱ्या पोदेराकडून ताजे उंडे घ्यायची, ते फडक्यात गुंडाळायची आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसायची. बहीण ते उंडे चहात बुडवून खाते. तिला दात नाहीत.

मुलाची गाडी नवीन. तिला क्लच नाही, गिअर टाकावे लागत नाहीत. स्टेअरिंगवर बटणे आहेत. त्यातले एक क्रूझ कंट्रोलचे. ते दाबले की गाडी ज्या वेगात असेल त्याच वेगात जात राहते, पाय काढला तरी. मुलाने बापाला शेजारी बसवून शिकवले, मी मागे बसून ऐकत होते.

"बाबा, पुढे मोकळं असेल तेव्हाच दाबायचं. ब्रेकवर पाय ठेवलात की हे सुटतं. मग परत दाबावं लागतं."

"सुटता म्हणजे?"

"बंद होतं. गाडी तुमच्या हातात येते."

"पुढे गाडी आली तर हे थांबते का?" मी विचारले.

"नाही आई. ते महागातल्या गाडीत असतं. ह्यात माणसानेच बघायचं."

बापाने मान डोलावली. त्याला त्यातून काय कळले ते मला पुढे दिसले. ब्रेक लावला की मशीन सुटते, म्हणजे ब्रेक लावणे वाईट, असे त्याने धरले. क्रूझ कंट्रोलला तो मशीन म्हणतो. धारगळला हायवेवर चढलो की म्हणायचा, "टाकली मशीनवर." आणि दोन्ही पाय मागे ओढून घ्यायचा, पिक्चर बघायला बसल्यासारखा.

मला गाडीत स्वस्थ बसता येत नाही. कुठेच येत नाही, पण गाडीत फारच नाही. पट्टा गळ्याला काचतो, तो मी हाताने पुढे ओढून धरते. माझा उजवा पाय खाली दाबला जातो, तिथे ब्रेक नसला तरी. घरी आल्यावर पोटरी दुखते. एसीचा वारा थेट गुडघ्यांवर येतो. काच खाली केली तर नवरा म्हणतो धूळ येते. जन्मभर खाणीची धूळ खाल्लेला माणूस, आता त्याला धूळ नको.

तो शिरगावच्या खाणीवर टिपर चालवायचा. खनिज माती भरून नदीकाठच्या धक्क्यावर नेऊन टाकायची आणि रिकामा टिपर घेऊन परत पळायचे. जास्त खेपा केल्या तर जास्त मजुरी, त्यामुळे सगळे पिसाटल्यासारखे हाकायचे. रस्त्याकडेच्या घरांवर, केळींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबड्या मातीचा थर असायचा. खाणी बंद पडल्यावर त्याने सावंतवाडीकडून चिरे आणणारा ट्रक धरला. तेव्हा हा हायवे एकेरी होता, दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला मातीत उतरावे लागे. तो अभिमानाने सांगतो की मी कधी उतरलो नाही. ह्यात अभिमान कसला ते मला कळलेले नाही.

आता रस्ता चौपदरी आहे आणि माणसे जास्त बिघडली आहेत. काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या घेऊन पर्यटक येतात, त्यांना कुठे जायचे ते त्यांचा फोन सांगतो. फोनने उशिरा सांगितले तर ते मधल्या पट्ट्यात उभे राहतात. विमानतळाच्या टॅक्सीवाल्यांचे विमान कायम सुटत असते. मासळीच्या गाड्या पाणी सांडत जातात, मागच्याच्या काचेवर ते उडते आणि आत बसलेल्याला वास येतो. बसवाला थांबा सोडून कुठेही थांबतो. स्कूटरवाले वळसा वाचवायला उलट्या बाजूने येतात, आणि आपण हॉर्न दिला तर आपल्याकडे रागाने बघतात. नवऱ्याला ह्या सगळ्यांची चीड. खाणीवरच्या शिव्या तो विसरलेला नाही. सून बरोबर नसेल तेव्हा त्या निघतात.

"वाट तुझ्या बापाशीन घातली काय रे?"

"त्याला ऐकू जात नाही," मी म्हणायची.

"तुका जाता मगे."

पण ज्याच्यावर लोक चिडायचे असा हायवेवरचा एक माणूस तो स्वतः होता. मशीन ऐंशीवर लावायचे आणि उजव्या पट्ट्यात बसायचे. डावीकडून लोक आमच्या पुढे जात आणि जाताना आत डोकावून बघत. एखादा ट्रक पुढे असला तर आमची गाडी त्याच्या बाजूने इतकी हळू सरकायची की ट्रकच्या क्लीनरने काय जेवले ते मी सांगू शकले असते. मागून दिव्यांची उघडझाप चालू.

"तो मागे लाईट मारतो आहे."

"मारूं दी. हांगा ऐंशीचो कायदो आसा."

"मग डावीकडे घ्या ना. जाऊ दे त्याला."

"डावीकडे ट्रक आसत."

डावीकडे ट्रक नसायचे. डावीकडे त्याला दिसत नव्हते. उजव्या डोळ्याला मधला दुभाजक दिसायचा आणि त्याला धरून तो जायचा, आंधळा भिंतीला हात लावून जातो तसा. हे मी एकदा त्याला तोंडावर म्हटले. तो म्हणाला, "मगे तू डावीकडची बघ."

तशी मी त्याची क्लीनर झाले.

टिपरला डाव्या बाजूला क्लीनर बसायचा. अरुंद रस्त्यावर, वळणावर, मागे घेताना त्याचे डोळे लागायचे. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येत नसे. म्हणून क्लीनर खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर मारायचा. एकदा मारला की थांब. दोनदा मारला की येऊ दे. लग्नानंतर आम्ही काही काळ शिरगावात भाड्याच्या खोलीत होतो, तेव्हा हा आवाज मी दिवसभर ऐकलेला आहे. काहीजणांना घरीही ती सवय होती, जेवायला बसले की बायकोला वाढ म्हणण्याऐवजी पाटावर दोनदा हात मारायचे.

तर मी काचा बंद ठेवून आतून दाराला हात मारायला लागले. डावीकडून कुणी येत असेल तर एकदा. मोकळे असेल तर दोनदा. त्याला ते आवडले. माझे बोलणे त्याने कधी ऐकले नव्हते, पण हात मारला की ऐकायचा. म्हापशापर्यंत आम्ही असे जायचो, पुढे अस्नोड्याचा रस्ता लहान, तिथे मशीन बंद आणि तोही जरा माणसासारखा चालवायचा. सुनेने एकदा पाहिले आणि कपाळाला हात लावला. मुलगा हसला. त्याला वाटले म्हातारा-म्हातारीचा खेळ आहे.

आता त्या रविवारचे सांगते.

धारगळच्या पुढे एक उतार आहे. उताराच्या तोंडाशी वडाखाली राखणदाराची जागा आहे. हा देव वाटेवरच्या माणसाला सांभाळतो. पूर्वी ती अगदी रस्त्याला लागून होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती खाली सर्व्हिस रोडच्या बाजूला राहिली आणि वरून आता वडाचा शेंडा तेवढा दिसतो. तरी ट्रकवाले तिथे हॉर्न देतात. नवऱ्याची पद्धत जुनी. चिऱ्याचा ट्रक घेऊन यायचा तेव्हा उतार लागला की तो डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचा. पाय मोकळा झाला की हॉर्न एकदा, हात छातीला, मान खाली आणि डोळे क्षणभर मिटलेले. ट्रक उताराने आपला आपण खाली यायचा आणि सपाटीवर आपला आपण मंद व्हायचा. तेवढ्यात ह्याचा नमस्कार होऊन पाय परत जागेवर. इतकी वर्षे केले, काही झाले नाही.

मशीनवर टाकलेली गाडी मंद होत नाही. ती उतारावरही ऐंशी आणि सपाटीवरही ऐंशी. पण त्याचा पाय मोकळा होता ना. पाय मोकळा म्हणजे न्यूट्रल, हे त्याच्या अंगात मुरलेले. वडाचा शेंडा दिसला तसा त्याने हॉर्न दिला, हात छातीला लावला आणि मान खाली घातली.

त्या दिवशी पुढे काळ्या पाटीची एक पांढरी गाडी होती. तिला किनाऱ्याकडे जायचे असावे. फोनने सांगितले असेल. उतार संपतो तिथे ती अचानक मंद झाली, मग जवळजवळ उभीच राहिली, उजव्याच पट्ट्यात. आमची गाडी तिच्याकडे निघालेली, आणि आमच्या ड्रायव्हरची मान खाली.

मी ओरडले नाही. तोंडातून आवाज आलाच नाही. मी दाराला हात मारला. एकदा मारायचा असतो हे मला माहीत होते. पण समोर गाडीचा मागचा दिवा मोठा मोठा होत असताना कोण मोजून एकदा मारील? मी मारतच सुटले. दोनदा, चारदा, किती ते देवालाच ठाऊक.

त्याने मान वर केली. पुढची गाडी त्याला दिसली. आणि माझे हात त्याने ऐकले, एकापेक्षा जास्त. म्हणजे डावीकडे मोकळे, येऊ दे. ब्रेकला पाय न लावता त्याने गाडी डावीकडे घातली.

डावीकडे एक मुलगी स्कूटरवर होती. उलट्या बाजूने येत होती. विमानतळावर कामाला असावी, तसले कपडे होते. मला तिचा चेहरा दिसला. तिने स्कूटर कडेच्या मातीत घातली. आमची गाडी तिच्या आणि पांढऱ्या गाडीच्या मधून गेली आणि पुढे लोखंडी कठड्याला घासली. माझ्या बाजूचा आरसा फटकन मोडून मागे लोंबकळला. मग कुठे त्याने ब्रेक लावला.

पांढरी गाडी निघून गेली. तिला काही कळलेही नसेल.

उंड्यांचे फडके माझ्या पायाशी पडले होते. एक उंडा सीटखाली गेला होता, तो मी काढून झटकला आणि परत बांधला. मुलगी चालत आली आणि माझ्या काचेवर बोटाने टकटक करू लागली. मी काच खाली केली.

"आजी, दिसाना काय तुमका?"

"तू उलटी कित्याक आयलंस?" मी म्हटले.

"ड्युटीक उशीर जालो."

"मगे आता आणखी होतलो. जा. सुलटी जा."

तिने नवऱ्याकडे बघितले. नवरा पुढे बघत होता. ती काय म्हणणार? तीही चुकली होती, पांढरी गाडीही चुकली होती. त्या रस्त्यावर त्या क्षणी शहाणे कुणीच नव्हते. ती परत गेली, स्कूटर बाहेर काढली आणि पुन्हा उलट्याच बाजूने निघून गेली.

मग तो बोलला.

"तू दोन मारलंस."

"मी दहा मारले असतील."

"दोन म्हणजे येऊं दी."

"तुमचे डोळे मिटलेले होते. मी किती मारले ते मोजता, आणि पुढे गाडी उभी ती दिसत नाही?"

"राखणदाराक हात लावपाचो नाय?"

"लावा. पाय ब्रेकवर ठेवून लावा."

"ब्रेक लावलो की मशीन सुटता."

"सुटू दे ना. मशीन सुटलं तर काय होतं? ती पोरगी सुटली नसती तर?"

खाली उतरून त्याने आरसा हातात घेतला, लावून बघितला, तो परत पडला. शेवटी त्याने तो मागच्या सीटवर ठेवला. पुढे तो सर्व्हिस रोडने गेला, सायकलवाल्यासारखा. म्हापसा, अस्नोडा, शिरगावचा फाटा, डिचोली. मला वाटले होते घरी परत फिरवील. फिरवली नाही, आणि मीही परत चला म्हटले नाही.

बहिणीची सून दारातच उभी होती. पेज निवत आली म्हणाली. बहीण आत खाटेवर, उशीला टेकून.

"उशीर जालो."

"गाडी घासली, बाय."

"कोणाची?"

"आमची. आणि कोणाची?"

"मेलं कोण?"

"मेलं असतं तर इतक्यात आले असते का मी?"

तिने उंडा हातात घेतला, नाकाला लावला, दाबून बघितला. "हो उंडो पडलेलो."

"सीटखाली गेला होता. झटकला आहे. खा."

तिने तो खाल्ला. मग तिने मला विचारले नवरा कुठे आहे. तो बाहेर गाडीला टेकून उभा होता, आत आलाच नाही. बहिणीने माझ्याकडे बघितले. तिचे अंग गेले असले तरी डोळे माझ्या नवऱ्यापेक्षा चांगले आहेत.

"मगे आता तू कशी येतलंस?"

"बघू."

"नाय आयलंस तरी चलात. मी काय खंय पळान जातंय?"

"तू गप खा."

ती तशीच बोलते. मला राग येतो आणि राग यावा म्हणूनच ती बोलते. मी तिचे केस विंचरले. तिच्या सुनेला तेल कसे लावायचे ते कळत नाही, वरवर लावते. पाठ बघितली, कुठे लाल झाले आहे का. हे काम सून करते म्हणते, पण मी बघितल्याशिवाय मला पटत नाही. मी रविवारी येते म्हणून ती ते नीट करते, हेही मला माहीत आहे. जायचे बंद झाले की काय होणार ते मला तिथेच, तिच्या पाठीवर हात असताना, कळत होते.

परत येताना नवरा एकदाच बोलला. घर जवळ आल्यावर.

"आरसो गेटाक लागलो म्हणूया."

मी पट्टा पुढे ओढून धरला. आमचे गेट अरुंद आहे, मुलाने स्वतः एकदा तिथे गाडी घासली आहे. हे कुणालाही खरे वाटले असते.

मुलगा अंगणात होता. गाडीला गोल फिरून आला. सून पायरीवर येऊन उभी राहिली.

"काय झालं, बाबा?"

"गेटाक लागलो. बायगेल्या गेटाक. तांचा गेट लहान."

आमचे गेट म्हटले असते तर मुलाने जाऊन गेटावर रंग बघितला असता. म्हाताऱ्याने वाटेत विचार करून ते नार्व्याला नेऊन ठेवले होते. मुलाने मान हलवली. गाडीपेक्षा बापाला काही झाले नाही ह्यातच त्याचे समाधान होते, म्हणाला सुद्धा, "जाऊ दे, आरसाच ना."

सून माझ्याकडे बघत होती. नवरा माझ्याकडे बघत नव्हता.

मी हो म्हटले असते तर पुढचा रविवार मिळाला असता. त्याच्या पुढचाही. मी चपला काढल्या. पाय धुतले. त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. चेहऱ्याचेही जाऊ दे, ती उलटीच आली होती. पण दुसऱ्या दिवशी कुणी सुलटी आली असती तर?

"गेट नव्हे," मी म्हटले. "हायवे. स्कूटरवरची पोरगी आमच्याखाली यायची राहिली. ह्यांना डावीकडचे काही दिसत नाही. किल्ली तुझ्याकडे ठेव."

मुलगा बापाकडे बघायला लागला. बाप घरात गेला. कदेल ओढून जनेलाशी बाहेर बघत बसला आणि मला पाठ केली. सुनेने चहा केला आणि माझा कप माझ्यासमोर जरा जपून ठेवला. मला तो जपूनपणा नको होता. मी म्हटले, "साखर घाल आणि जा आपल्या कामाला."

त्याने आठवडाभर माझ्याशी बोलणे टाकले. जेवायला बसला की ताटाशेजारी पाटावर दोनदा हात मारायचा. म्हणजे वाढ. मी वाढायची. मुलगा म्हणाला, "आई, मी नेतो ना रविवारी." आणि शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला की कारखान्यात काही निघाले आहे, पुढच्या रविवारी नक्की. मला त्याचा राग आला नाही. त्याची मावशी आहे, माझी बहीण आहे, त्यात फरक पडतो.

रविवारी मी उंडे घेतले, फडक्यात बांधले आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने नवरा आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला, जसे काही आम्ही वेगवेगळ्या गावांना जाणार होतो.

बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि मी त्याच्या शेजारी. ड्रायव्हर तरुण होता. आमच्या ह्याचा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जात होता, प्रत्येक वळणाला, अगदी माझ्यासारखा. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू. म्हटले, आता तुझीही पोटरी दुखू दे. बस थांबा सोडून थांबत होती, माणसे चढत होती, उतरत होती, कंडक्टर एका बाईशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. मी सारखी खिडकीतून ऊन बघत होते. ऊन चढत होते आणि आम्ही अजून पेडणे तालुक्यातच.

धारगळच्या पुढचा उतार आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि एक हात छातीला लावला. नवरा त्याच्या हाताकडे बघत नव्हता. वाकून तो त्याच्या पायाकडे बघत होता.

"पाय काढलो बघ तेणें," तो म्हणाला. "ब्रेकार दवरलो."

आठवडाभरातले ते पहिले बोलणे. मी म्हटले, "बघितला. ठेवला ब्रेकवर." मग तो स्वतः हात जोडून बसला, वड मागे जाईपर्यंत. डोळे मिटून. आता मिटले तरी चालतील.

म्हापशाला डिचोलीची बस भरली नाही म्हणून ती सुटेना. ड्रायव्हर चहा पीत उभा. मी दोनदा खाली उतरून त्याला विचारून आले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, बसा. तुम्ही आलात म्हणून गाडी लवकर भरत नाही." डिचोलीला नार्व्याची गाडी आमच्यासमोर निघून गेली आणि पुढचीची वाट बघत आम्ही उन्हात थांबलो. नवरा शेंगदाणे घेऊन आला. मला खायची इच्छा नव्हती, तरी खाल्ले, हात रिकामे राहिले की मला सुचत नाही.

नार्व्याच्या त्या शेवटच्या बसमध्ये कंडक्टर मागे कुणाशी तरी बोलत होता. बहिणीच्या घराचा फाटा आला तरी त्याने घंटी दिली नाही. मी उठून उभी राहिले, "अरे थांबव," म्हटले, पण बसचा आवाज मोठा. नवरा खिडकीच्या बाजूला होता. त्याने हात बाहेर काढला आणि पत्र्यावर मारला. एकदाच.

ड्रायव्हरने बस थांबवली. मागे वळून न बघता. पूर्वी खाणीवर कुणाचा तरी क्लीनर असणार तो, नाहीतर त्याचा बाप असेल.

आम्ही उतरलो. कंडक्टर वरून म्हणाला, परत जायचे असेल तर हीच गाडी लगेच वळून येईल, त्यानंतरची फार उशिरा आहे. मी भरभर चालायला लागले. नवरा मागून येत होता, त्याच्या डाव्या बाजूला गटार होते, म्हणून मी थांबून त्याच्या डावीकडे गेले आणि मग परत भरभर चालले.

बहीण जेवून झोपली होती. तिची सून कुजबुजत म्हणाली, आत्ताच डोळा लागला, रात्रभर झोप नव्हती. सकाळपासून विचारत होती. मी खाटेशी बसले. तिचे तोंड उघडे होते आणि केसांना तेल वरवरच लावलेले होते. मी उंड्यांची गाठ सोडली. थोडा वेळ बसले. बाहेर रस्त्यावर गाडीचा आवाज आला की माझी मान वळत होती.

मग मी तिच्या खांद्याला हलवले.

"बाय, ऊठ. माझी बस येतली. उठून बस आणि पाठ दाखव."